आमच्यासमोर बंद पडायला हवा

काउंटरवर ठेवल्या ठेवल्या लॅपटॉप सुरू झाला. नुसता सुरू झाला नाही, तर आठवडाभर आईला रडवणारं पोर पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागावं, तसा लख्ख उजळून बसला.

कपाळावर भिंग चढवलेल्या तंत्रज्ञाने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चालतोय," तो म्हणाला.

"इथे चालतोय. घरी बंद पडतो. मध्येच, एकदम काळा."

"मॅडम, आमच्यासमोर बंद पडायला हवा."

त्या सर्व्हिस सेंटरचा तसा नियमच होता. वॉरंटीत पार्ट बदलून हवा असेल, तर बिघाड तंत्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पाहिजे. ग्राहकाच्या सांगण्यावर कंपनीचा भरवसा नव्हता. आज त्या जागी चष्म्याचं दुकान आहे आणि तिथून जाताना तिची पावलं अजून जरा हळू पडतात. पण त्या सकाळी तिला त्या नियमाचा, आणि तो इतक्या शांतपणे सांगणाऱ्या माणसाचा, मनापासून राग आला होता.

ती यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद करायची. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप. एक मोठं काम हातात होतं, नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती, आणि याची वॉरंटी त्याच शुक्रवारी संपत होती. घरी नेला की स्क्रीन काळी. दुसऱ्या दिवशी काउंटरवर ठेवला की पुन्हा लख्ख. घरात ती आणि आत्या दोघीच. आत्याने तर निकालच लावून टाकला. सासरी आजारी आणि माहेरी ठणठणीत अशा सुना तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. "त्याला तिथे बरं वाटतंय ना? मग तिथेच नांदव," ती म्हणाली.

तंत्रज्ञाला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही, विचारात पडला. मग म्हणाला, तुमच्या आत्याबाईंचं म्हणणं चुकीचं नाही. खिडकीजवळचं टेबल रिकामंच असतं. तिथे बसून रोजचं काम करा, बंद पडला की हाक मारा.

ती बसली.

ते दिवस तिला आठवतात ते वासासकट. तारा जोडायच्या तापलेल्या डाखाचा किंचित कडवट वास, आणि खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप, जी दुपारनंतर नेमकी त्याच्या हातांवर पडायची. इवले इवले स्क्रू ठेवायला त्याने बाटल्यांची झाकणं ओळीने मांडली होती. एखाद्या पार्टवरची धूळ फुंकताना तो डोळे घट्ट मिटायचा, लहान मुलं मेणबत्ती विझवताना मिटतात तसे. ती हे सगळं मान वर न करता पाहायची. कसं जमायचं, ते तिचं तिलाच ठाऊक.

दर तासाला तो टेबलापाशी येऊन दबक्या आवाजात विचारायचा, "गेला का?" ती तितक्याच हळू म्हणायची, "अजून नाही." शेवटी टोकन देणाऱ्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन शब्द बदलायला सांगितले. रांगेतल्या एका आजोबांनी, या मुलीच्या घरी कोण अत्यवस्थ आहे, अशी चौकशी केली होती.

मग त्याने विचारलं की तुम्ही एवढं लिहिता तरी काय. तिने सांगितलं. तो एकदम सावध झाला.

"मिक्सरची पुस्तिका तुमची? लाल झाकणाच्या?"

"हो... का?"

"त्यात 'बटण हळुवार दाबा' असं आहे."

"बरं मग?"

"किती हळुवार?"

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुम्ही किती हळुवार दाबलंत?" तिने विचारलं.

"मी नाही दाबलं. मला अंदाज येईना – आईला दाबायला सांगितलं."

ती इतकी हसली की टोकनच्या रांगेने वळून पाहिलं. पण नंतर कितीतरी वेळ तिला एक ओळ सुचली नाही. लोक तिचं लिखाण खोक्याबरोबर फेकून देतात, हे तिने कधीच स्वीकारलं होतं. आणि हा माणूस तिच्या एका शब्दापाशी थांबला होता, अडखळला होता, इतके दिवस ती शंका मनात ठेवून होता. कुणी फुलं दिली असती, तरी तिला इतकं अप्रूप वाटलं नसतं.

गुरुवारी दुपारी पाठ भरून आली म्हणून ती खुर्चीत जरा खाली सरकली. नीट दिसावं म्हणून तिने स्क्रीन मागे कलवली, आणि स्क्रीन काळी झाली.

तो पलीकडच्या टेबलाशी पाठमोरा होता. एक हाक पुरे होती. त्याने येऊन पाहिलं असतं, नोंद केली असती, पार्ट मागवला असता आणि प्रश्न मिटला असता. सगळाच मिटला असता... तिने हलकेच स्क्रीन सरळ केली. अक्षरं परत आली.

थोड्या वेळाने तो आला. शब्द त्याने काही बदलले नव्हते. "गेला का?"

"नाही," ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्या तापलेल्या तिला स्पष्ट जाणवल्या.

घरी जाताना तिने स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. एक दिवस उरला होता. उद्याही तो पाठमोरा असला तर? हातचं काम जाईल, लॅपटॉप जाईल, आणि कारण कुणाला सांगायचीही सोय नाही. असल्या वेडेपणाला आत्याकडे एकच शब्द होता आणि तो फार सभ्य नव्हता.

शुक्रवारी ती पोहोचली तेव्हा तो टेबलापाशी उभाच होता. रात्रभर विचार केल्यासारखा चेहरा.

"घरी कशी बसता?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"इथे तुम्ही ताठ बसता. घरी तशा बसत नसणार. दाखवा."

ती लाजेने अर्धी झाली. पण तो वाट पाहत होता. शेवटी भिंतीला पाठ टेकून ती फरशीवर बसली, गुडघे वर घेतले, लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि स्क्रीन पार मागे कलवली. टोकनवाल्या बाई खुर्चीतून उठून पाहू लागल्या.

स्क्रीन काळी झाली.

तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. त्याने स्क्रीन पुढे केली, मागे केली, उजेड, काळोख. बिजागरीतली वायर, तो म्हणाला, तिच्यावर ताण येतो. आज पार्ट मागवतो, वॉरंटीतच बसेल. त्याचा चेहरा उजळला, आणि हळूहळू उतरला. एकदम नाही, दिवा मंद करावा तसा.

पुढे त्यांचं लग्न झालं. त्या दिवशी आत्या कशी अखंड बोलत होती, ते नातेवाईक अजून सांगतात. पण सगळं कुठे ठरलं असं कुणी विचारलं, तर तिला ती थंडगार फरशीच आठवते.

"काल गेला होता," ती फरशीवरूनच म्हणाली.

त्याने खिशातलं पेन काढलं. "किती वाजता?"

"दुपारी. तुमची पाठ होती."

"मग हाक का नाही मारलीत?"

तो खरोखरच उत्तराची वाट पाहत होता, पेन तसंच धरून.

"हाक मारली असती, तर आज इथे कशाला आले असते?"

त्याने पेनला टोपण लावलं. काढलं. परत लावलं. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद फडफडले आणि बाईंनी ते उगाचच दाबून धरले.

"दुरुस्तीनंतर..." तो घसा खाकरत म्हणाला, "म्हणजे बिघाड परत येत नाही ना, ते बघायला... ग्राहकाने आठवडाभर इथेच बसून काम करायचं असतं."

"असा नियम आहे?"

त्याने छताकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "पण या."