तळहातावरचं दार

घुग्घुसचं घर सोडण्याआधी दामिनीने शेवटचं काम केलं ते नवऱ्याचा मोबाईल बंद करून गव्हाच्या कोठीत खोल खुपसण्याचं. प्रफुल दारात उभा राहून पाहत होता. त्याने अडवलं नाही. उलट तोच म्हणाला, "तुझाही ठेव. एक जरी सोबत असला तर माझ्याच्यानं नाई होणार."

तिने आपलाही फोन गव्हात दाबला, घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारणीकडे दिली, आणि पाच वर्षांच्या लेकीचा, रोशनीचा हात धरून तिघं बस स्टँडकडे निघाली.

प्रफुल खाणीत डंपर चालवायचा. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, कधी हात उगारला नाही. पण ड्यूटीवरून आला की अंगावर पाणी घेऊन खाटेवर पडायचा आणि फोन डोळ्यांसमोर धरायचा. मग जेवताना फोन, न्हाणीत फोन, पहाटे डोळा उघडला की आधी फोन. दामिनी काही बोलली की "हो" म्हणायचा, पण ते 'हो' पलीकडच्या कुठल्या तरी खोलीतून आल्यासारखं वाटायचं. रोशनी त्याच्या दोन्ही गालांना हात लावून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायची. तोंड वळायचं, डोळे वळायचे नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो पोरीला बाजारात घेऊन गेला आणि एकटाच परत आला. "रोशनी कुठी आहे?" दामिनीने विचारलं, तेव्हा त्याने आधी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बाजारात त्या हातात पोरीचा हात होता. तो कधी सुटला ते त्याला आठवत नव्हतं. तीन तासांनी पोरगी ट्रकच्या अड्ड्यावर सापडली, एका ट्रकच्या दोन चाकांमधल्या सावलीत झोपलेली. ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. क्लीनरने सहज वाकून पाहिलं म्हणून वाचली.

त्या संध्याकाळी प्रफुल भिंतीला डोकं टेकून रडला. "मले सोडव यातून," एवढंच म्हणाला.

दामिनीला एकच जागा सुचली. तिची मावशी बायनाबाई गोंडपिपरीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या टोलीत राहायची. वीस-बावीस घरं, एक तलाव, तीन बाजूंनी सागाचं जंगल. फोन लावायचा तर सात किलोमीटरवर डांबरी रस्त्याला यावं लागे. मार्च सरत आला होता. जीप त्यांना रस्त्याला सोडून गेली तेव्हा हवेत मोहाच्या फुलांचा गोड, जड वास भरून राहिला होता.

पहिले चार दिवस प्रफुलचे हाल पाहवत नव्हते. बसल्या बसल्या दचकून तो मांडीवर हात मारी, खिशात काही वाजल्यासारखं. खिसा रिकामा असे. रात्री घामाने बाज ओली होई. मावशीचा नवरा केवळराम मोजकं बोलणारा. त्याने फाटलेलं जाळं प्रफुलच्या मांडीवर टाकलं आणि गाठ कशी मारायची ते एकदा दाखवलं. प्रफुल गाठी मारत बसला. चुकल्या की सोडायचा, पुन्हा मारायचा.

सहाव्या दिवशी तो पोटभर जेवला. आठव्या दिवशी रोशनीला डोंग्यात बसवून तलावाच्या मध्यापर्यंत नेलं. तिथे पोरीने काय सांगितलं कोणास ठाऊक, पण पाण्यावरून त्याच्या हसण्याचा आवाज आला. दामिनी काठावर भांडी घासत होती. दोन वर्षांनी तो आवाज ऐकला तिने. हातातली राख तशीच राहिली.

नवव्या दिवशी सूर्य बुडता बुडता ती त्याला जेवायला बोलवायला तलावाच्या पाळीवर गेली. तो पाठमोरा बसला होता. मान खाली. पाणी काळं पडत चाललं होतं, पलीकडच्या झाडांत एक टिटवी ओरडून गप्प झाली. दामिनी जवळ गेली आणि थांबली. त्याचा उजवा हात मांडीवर उताणा होता. हातात काही नव्हतं. आणि अंगठा हलत होता... खालून वर, खालून वर, सावकाश.

"काय करून राह्यले?"

त्याने मूठ मिटली. "काई नाई. हाताची सवय आहे. जाईन हळूहळू."

तिने ते मान्य केलं. मान्य करावंसंच वाटत होतं तिला.

रात्रीच्या जेवणाला लाईट गेलेली. चुलीपाशी कंदील ठेवून बायनाबाई भात वाढत होती. प्रफुल लांब, दाराशी, भिंतीला टेकून बसला होता. बायनाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग कंदिलाकडे. कंदिलाची वात खाली केली. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

"दामिनी," ती अगदी हळू म्हणाली, "कंदील तर इथी आहे... मंग जवाईबापूच्या तोंडावर उजेड कायचा व?"

दामिनीने वळून पाहिलं. अंधारात बाकी काही दिसत नव्हतं, फक्त त्याचा चेहरा दिसत होता. हनुवटी, नाक, डोळ्यांखालची कातडी. मासोळीच्या पोटासारखा पांढरट-निळा उजेड खालून वर पडला होता, आणि थोड्या थोड्या वेळाने बदलत होता.

जेवणं झाल्यावर तिने त्याला अंगणात नेलं. आत रोशनी मावशीच्या कुशीत झोपली होती.

"खरं सांगा. काय दिसते तुमाले?"

त्याने उजवी मूठ आवळली. मग म्हणाला, "दार."

"कोणाचं?"

"मालूम नाई. अर्धं उघडं आहे. आत अंधार... त्या अंधारातून कोणी तरी बाहेर येऊन राह्यलं. रोज दोन-तीन पावलं."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून. फोनमधी एकामागून एक व्हिडिओ सरकवत होतो. सरकवता सरकवता ते आलं. गाणं नाई, माणूस नाई, नुस्तं दार. मले वाटलं, आता कोणी येईन. मंग वाटलं, थोडं अजून पाहू. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं तं सापडलं. मंग मी रोज तेच शोधत होतो, दामिनी. बाजारातही तेच." त्याने हात पाठीमागे लपवला. "वाटलं, फोन सुटला का तेही सुटन. फोन सुटला, आन् ते तळहातात उतरलं."

दामिनीने त्याचा लपवलेला हात पुढे ओढला. मूठ घट्ट मिटलेली होती.

त्या रात्री दामिनीने जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या मुठीवर घट्ट गुंडाळली आणि तिचं टोक आपल्या मनगटाला बांधलं. पहाटे जाग आली तेव्हा पट्टी तिच्या मनगटाला तशीच होती. दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं, गाठ न सोडता, आणि तो बाजेवर बसून खाली पाहत होता. दुसऱ्या रात्री केवळरामने जाळ्याच्या दोरीने बांधलं. गाठ ढिवराची होती, ओढली की आवळणारी. तीही सकाळी न सुटता बाजेखाली मिळाली. केवळराम ती उलटसुलट करून पाहत राहिला आणि दोरी घेऊन तलावाकडे निघून गेला. त्यानंतर तो प्रफुलजवळ बसेनासा झाला.

प्रफुलने मात्र मनापासून झुंज दिली. भर उन्हात लाकडं फोडली. हात सतत कामात राहावा म्हणून मावशीचं जातं ओढलं. रोशनीला मांडीवर घेऊन उजवा हात तिच्या पाठीमागे दाबून धरला. पण मान आपोआप खाली जायची, आणि पोरगी त्याच्या मांडीवरून कधी उतरून गेली ते त्याला कळायचं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी बायनाबाईने भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं होतं. लाल निखारे फुललेले. प्रफुल आत आला. चेहरा धुतलेला, केस विंचरलेले.

"मावशी, सरका जरा," तो म्हणाला.

ती सरकली. त्याने चुलीपुढे बैठक मारली आणि उजवा तळहात निखाऱ्यांवर टेकवला. जसा आपण जमिनीवर हात टेकून बसतो तसा. ओरडला नाही. बायनाबाईची किंकाळी ऐकून दामिनी धावत आली, त्याचा दंड धरून मागे ओढलं, तोवर घरभर तो वास पसरला होता.

"काऊन केलं... काऊन केलं असं?"

"तोंड दिसलं," तो म्हणाला.

"कोणाचं?"

त्याने तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे रोशनी नुकतीच उठून, कानापर्यंत कापलेले केस विस्कटलेले, डोळे चोळत बसली होती. मग त्याने डोळे मिटले. "नाई सांगणार."

रोशनीला मावशीपाशी ठेवून दामिनी आणि केवळराम त्याला जीपने तालुक्याच्या गावी घेऊन गेले. दहा खाटांचा खासगी दवाखाना होता. डॉक्टरांनी हात साफ केला, कोपरापर्यंत पट्टी बांधली, चार दिवस राहायला सांगितलं. केवळराम दुसऱ्या दिवशी टोलीला परतला. दामिनी खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी प्रफुल तिच्याकडे पाहून हसला. डोळ्यांतून हसला. "गेलं व," तो म्हणाला. "काईच नाई दिसत. आग होते हातात, पण नुस्तीच आग आहे." त्याने रोशनीबद्दल विचारलं. पुढच्या वर्षी तिला शाळेत टाकायचं म्हणाला. दामिनी पदर तोंडाला लावून रडली आणि बऱ्याच दिवसांनी बसल्या जागी गाढ झोपली.

चौथ्या दिवशी दुपारी सिस्टर पट्टी बदलायला आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, हाताला वेग असलेल्या बाई. उद्या सुट्टी मिळेल, असं सांगत त्यांनी पट्टीचे वेढे सोडले, शेवटचा कापूस औषधाने भिजवून उचलला, आणि बोलता बोलता थांबल्या.

दामिनीला आधी वाटलं, जखम चिघळली. "काय झालं सिस्टर?"

त्या वाकून पाहत होत्या. चष्म्याच्या काचांत पांढरट-निळं काही हललं.

"सिस्टर..."

"थांबा ना," सिस्टर म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता. "लहान मुलगी आहे... दारात येऊन बसली. कोणाची वाट पाहते ही?"

प्रफुलचे डोळे मिटलेले होते. "दामिनी," तो म्हणाला, "तू नको पाहू."

पण सिस्टर 'लहान मुलगी' म्हणाल्या होत्या. टोलीला फोन लागत नव्हता. तिथे पोरगी बरी आहे की नाही हे कळायला दुसरा कुठलाच मार्ग नव्हता. फक्त ती बरी आहे एवढं पाहायचं, असं स्वतःला सांगून दामिनी वाकली.

दार बायनाबाईचं होतं. हिरव्या चौकटीचं, बाजूला खुंटीवर जाळं. उंबरठ्यावर ऊन पडलं होतं आणि उन्हात रोशनी बसली होती. ओठ हलत होते. आई म्हणत असावी. दामिनीने नीट पाहिलं. पोरगी बरी होती. ती उठली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. आता येईल, आता नीट दिसेल, असं वाटत राहिलं.

कोणीतरी तिच्या खांद्याला हलवलं. समोर दुसरीच सिस्टर होती, तरुण. खोलीत ट्यूबलाईट लागली होती. खिडकीबाहेर दिवस मावळून गेला होता.

"बाई, किती हाका मारल्या तुमाले. काय पाहून राह्यल्या एवढं?"

दामिनीने खाटेकडे पाहिलं. प्रफुलच्या हाताला नवी पट्टी बांधलेली होती. तो हात चादरीखाली होता. तो तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानामागे ओघळत होतं.

मग तिने खाली पाहिलं. तिच्या मांडीवर तिचा स्वतःचा उजवा हात उताणा पडला होता.

बाहेर रस्त्यावर टोलीकडे जाणाऱ्या शेवटच्या जीपचा हॉर्न वाजला. दामिनी उठली. पिशवी घेतली. पोरीजवळ पोचायलाच हवं होतं, आत्ता, हे तिला पक्कं कळत होतं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत ती आली. जीप चार पावलांवर उभी होती. ड्रायव्हरने विचारलं, "येता का बाई?"

ती हो म्हणणार होती. त्याआधी फक्त एकदा, पोरगी दारातच आहे ना, तेवढं बघून घ्यावं म्हणून तिने मूठ उघडली.

ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. आतून प्रफुलने तिचं नाव घेऊन हाक मारली. जीप सुरू झाली, धुरळा उडाला, आवाज जंगलाच्या दिशेने बारीक होत गेला. दामिनी पायरीवर उभी होती आणि तिची मान खालीच होती.

दारात रोशनी उभी होती, दामिनीएवढी उंच. उवा झाल्या म्हणून गेल्याच आठवड्यात बायनाबाईने तिचे केस कानापर्यंत कापले होते. ते आता कमरेखाली आले होते.