उघडी राहिलेली सत्रं

चंद्रावरच्या तळावर कामाला असलेली माणसं रविवारी दूरदेहातून घरी येत. तिकडे ब्राउझर उघडायचा, बुबुळ दाखवून ओळख पटवायची, की इकडे घरात ठेवलेला यांत्रिक देह त्यांच्या मनाने हलू-बोलू लागे. या भेटीला सत्र म्हणत. परतताना 'जातो' किंवा 'जाते' म्हटलं, की सत्र मिटे आणि मन माघारी जाई.

वाईच्या मुकुंदराव शेवड्यांची हेमांगी मात्र दर रविवारी 'येते हं, बाबा' म्हणून ब्राउझर नुसताच बंद करायची. 'जाते' म्हणू नये, हे त्यांनीच तिला लहानपणी दटावून शिकवलं होतं. एका सोमवारी दूरदेहाने डोळे उघडले आणि शेपूची जुडी निवडायला घेतली, तेव्हा कालचं सत्र मिटलंच नव्हतं, हे मुकुंदरावांना उमगलं. त्यांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. आता आठवडाभर लेक घरात होती.

मग डॉ. अंतरकर आल्या. ही यंत्रणा त्यांनीच रचली होती. त्यांनी समजावलं, की न मिटलेलं प्रत्येक सत्र हेमांगीच्या मनाचा एक वाटा इथे अडकवून ठेवतं. पुढच्या रविवारी ती पुन्हा ओळख पटवून येते, की आणखी एक वाटा अडकतो. एकाच देहात तिची कितीतरी सत्रं पाळीपाळीने जागी होती, आणि तिकडे तिचं लक्ष उडत चाललं होतं. परवा ती हवेची झडप लावायलाच विसरली. सोबतिणीने पाहिलं म्हणून निभावलं.

"सत्रं मिटली, की इथलं सगळं तिला आठवेल ना?" मुकुंदरावांनी विचारलं.

"नाही. इतकी जुनी सत्रं परत जोडता येत नाहीत. इथले दिवस फक्त तुमच्याकडे राहतील. आणि ओळख तिची आहे, तेव्हा मिटायचं तिनेच."

मुकुंदराव आत गेले. हेमांगी भाजी निवडत होती. तिला जाऊ द्यायला त्यांचं मन मुळीच तयार नव्हतं. तरी ते तिच्यासमोर बसले.

"हेमा, जाते म्हण."

"तुम्हीच म्हणता ना बाबा, तसं म्हणू नये?"

"आज म्हण, बाळा."

तिने म्हटलं. देहाने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. ही त्याच्या आधीच्या रविवारची हेमांगी होती. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. दिवेलागणीपर्यंत हेच चाललं होतं.

पुढच्या रविवारी हेमांगी आली, ताजीतवानी, भरभरून बोलली. स्वयंपाकघरात डोकावून हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही शेपू कधीपासून खायला लागलात?"

निघताना तिने, तळावर बजावलं होतं त्याप्रमाणे, "जाते" म्हटलं.

'येते म्हणावं' हे शब्द मुकुंदरावांच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले आणि म्हणाले, "हो. जा."