कोमट पेट्रोल

जेवत असाल तर आधी जेवण उरका. नंतर मला शिव्या घालू नका.

ही घडलेली गोष्ट आहे, माझ्या सख्ख्या काकाच्या बाबतीत. काका गाड्यांचा मिस्त्री. हातात पाना धरून तीस वर्षं झालेली. भुताखेतांचा विषय निघाला की "आधी बॅटरीची टर्मिनलं घासा, भूत आपोआप उतरतं" असं म्हणून सगळ्यांना हसवणारा माणूस. त्यानं हे मला एकदाच सांगितलं आणि सांगताना एकदाही हसला नाही.

वेळ रात्रीची नव्हती. रविवारची दुपार, तीनचा सुमार, कडाक्याची थंडी.

जागा, आत्याच्या घरामागची पत्र्याची शेड.

शेडमध्ये आत्याच्या नवऱ्याची बावीस वर्षांची जुनी गाडी उभी होती. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. गेलेल्याला नावं ठेवू नयेत, पण मी ठेवणार. घाणेरडा माणूस होता. मनानं तर होताच, तोंडानंही. खालची एक दाढ पार पोखरलेली, हिरडीतून पू यायचा, पण डॉक्टरकडे जाणं नाही. लवंगेचं तेल चोळायचं, वर सिगरेट ओढायची, आणि ते तोंड आत्याच्या नाकाशी नेऊन तिच्यावर ओरडायचं. चौदा वर्षं! शेवटी तोच पू रक्तात भिनला आणि चार दिवसांत कारभार आटोपला.

गाडीला आत्यानं हात लावायचा नाही, हा त्याचा कायदा.

तो गेल्यावर आत्या क्लास लावून हट्टानं गाडी शिकली. एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिला नोकरी लागली. सोमवारपासून पहाटे पाचला हजर व्हायचं होतं, आणि त्या वेळी बस नव्हती. गाडी चालू झाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा भावांच्या तोंडाकडे बघणं.

"दादा, काहीही कर, पण उद्या मला गाडी हवी."

"अगं, तासाभरात तुझी म्हातारी नाचायला लागते की नाही बघ. तू चहा टाक."

काकानं चार्ज केलेली बॅटरी जोडून स्टार्टर मारला. इंजिन गरगर फिरलं, पण पेटलं नाही. प्लग काढून बघितले, ठिणगी छान पडत होती. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. काकानं चावी फिरवली आणि कान दिला...

काहीच नाही.

फ्यूज ठीक, रिले ठीक. गाडीखाली शिरून त्यानं टाकीच्या पोटावर रबरी हातोडीनं दोनचार टोले दिले. अडकलेला पंप कधीकधी तेवढ्यानं जागा होतो. पुन्हा चावी फिरवली...

काहीच नाही.

पंप गेला होता. हे होणार म्हणून काकानं नवा आणलाच होता. त्यानं चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली. मागची सीट उचलली. टाकीवरचं गोल झाकण उघडलं आणि पंपाची वायर उपटली. आता पंपाला करंट मिळायची सोयच नव्हती.

आणि तेव्हा टाकीत आवाज झाला...

गुळगुळ... गुळगुळ...

माणूस चूळ भरताना तोंडात पाणी घोळवतो ना, तसा.

मग थांबला.

मग कुणीतरी घशातून खाकरलं.

"कोण आहे रे?" काका ओरडला. शेडमध्ये कोणी नव्हतं. आत स्वयंपाकघरात आत्याच्या कपबशा वाजत होत्या. "पाइपात हवा असेल," तो स्वतःशीच म्हणाला. तीस वर्षांत असली हवा त्यानं ऐकली नव्हती, हेही त्याला माहीत होतं.

पंप काढायच्या आधी शिळं पेट्रोल उपसायला हवं होतं. उपसायचा हातपंप गॅरेजात राहिलेला. मग काकानं तेच केलं, जे सगळे मिस्त्री करतात आणि कुणीच करू नये. नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढलं. पेट्रोल नळीत चढताना दिसलं की झटकन तोंड काढायचं आणि नळी कॅनमध्ये सोडायची. काकाचा त्यात असा हात बसलेला की थेंब जिभेला लागायचा नाही.

त्या दिवशी त्यानं ओढलंसुद्धा नव्हतं. नुसते ओठ टेकवले होते...

ते आपणहून आलं.

भसकन, थेट घशापर्यंत.

ते पेट्रोल नव्हतं. दाट होतं, खारट होतं, बुळबुळीत होतं. त्याला लवंगेच्या तेलाचा, सिगरेटच्या राखेचा आणि पुवाचा वास होता. टाकीचा पत्रा बर्फासारखा गार होता, आणि ते मात्र...

कोमट होतं.

शी! 

एक घोट काकानं गिळला होता. इलाजच नव्हता. शेडच्या कोपऱ्यात जाऊन तो भडाभडा ओकला. परत येऊन बघतो तर लोंबत्या नळीतून खाली पडत होतं ते साधं, पिवळं पडलेलं, जुनं पेट्रोल. त्यानं तीनतीनदा हुंगलं. पेट्रोलच.

कुणी शहाणा म्हणेल, नवरा गाडीत बसून बाटलीत थुंकायचा, ती बाटली कधीतरी टाकीत ओतली असेल. बरं बाबा, ओतली असेल. दीड वर्ष कोमट राहिली?

सामान उचलून पळावं असं काकाच्या मनात आलं होतं. पण सोमवार डोळ्यांपुढे होता. त्यानं नळाखाली दहा चुळा भरल्या, साबणानं जीभ घासली आणि पंप बाहेर काढला. पंपाच्या बुडाची जाळी पिवळ्या चिकट घाणीनं भरली होती. पकडीनं ओढली तर तार निघत होती. त्यानं सगळं कागदात गुंडाळून लांब फेकलं, नवा पंप बसवला, ताजं पेट्रोल ओतलं.

चावी फिरवली. दोन सेकंद स्वच्छ गुणगुण. स्टार्टर मारला आणि पहिल्या फटक्यात गाडी सुरू!

आत्या ओल्या हातांनीच धावत आली. "उतर, उतर, मला बसू दे!" ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, क्लच दाबून गिअर टाकला, हॉर्न वाजवून पोरीसारखी हसली. लग्नानंतर तिला असं हसताना काकानं पाहिलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

तो खिडकीशी वाकला आणि एवढंच म्हणाला, "चावी फिरवली की दोन सेकंद थांबायचं, मग स्टार्टर मारायचा."

आत्याचं हसू गेलं.

तिनं कोपर वर करून चेहरा झाकला. क्लचवरचा पाय सुटला, गाडी आचका देऊन बंद पडली.

"चुकले... चुकले मी. परत नाही हात लावणार गाडीला."

सख्ख्या भावाला म्हणाली हे.

काका दोन पावलं मागे सरकला, पण ती पलीकडच्या दारानं उतरून घरात गेली होती. आतून कडी लावल्याचा आवाज आला. सोमवारी ती कामावर गेली नाही. नोकरी गेली. ती गाडी आजही पहिल्या फटक्यात सुरू होईल, पण चालवायला कुणी नाही.

काकानं दातांच्या दोन डॉक्टरांना तोंड दाखवलं. दात ठणठणीत, हिरड्या स्वच्छ. काकूला कसलाच वास येत नाही. मीही अगदी जवळ जाऊन बघितलं. मला येत नाही. कुणालाच येत नाही, फक्त आत्याला येतो. म्हणून काका तिच्याकडे जात नाही, दर रविवारी नुसता फोन करतो.

गेल्या रविवारी मी शेजारीच बसलो होतो. फोनचा स्पीकर चालू होता. "कशी आहेस?" काकानं विचारलं.

पलीकडे आत्यानं श्वास रोखल्यासारखं वाटलं...

मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दादा, फोन जरा तोंडापासून लांब धर ना."