मुका झालेला भोंगा

बाळांनो, जरा डोळे मिटा. आश्विनातली दुपार आहे, पण आभाळ इतकं काळवंडलंय की तिन्हीसांज वाटावी. अनसिंगकडच्या एका छोट्या धरणाच्या बांधावर दगडी खोली आहे. आत ट्रंकेएवढं लोखंडी यंत्र. १९७९ साल, ‘संगणक’ हा शब्द इथे फारसा कुणी ऐकलेला नाही. पाणी सांडव्यावरून उसळण्याआधी या संगणकाने भोंगा वाजवायचा, म्हणजे खालच्या पात्रातली माणसं वर येतील.

परवा पाणी उसळलं. भोंगा वाजलाच नाही. फुलसिंग गुराखी बाभळीला धरून कसाबसा वाचला. त्याच्या चार म्हशी वाहून गेल्या.

आत्यासोबत आलेल्या तरण्या गोविंदाला ती खोली मुळीच आवडली नाही. पण आत्या, कस्तुराबाई, शांत होती. टेलिफोन कचेरीतली नोकरी सोडल्यापासून ती मंगरूळपीरला खाजगी तपासाची कामं करत असे. संगणक चालवणाऱ्या देवमननेच तिला बोलावलं होतं. धरणाच्या केंद्रप्रमुखांच्या तक्रारीवरून पाच वाजता फौजदार येणार होते, देवमनलाच न्यायला.

“यानंच बिघडवलं,” केंद्राचे प्रमुख शेषराव म्हणाले. “आतली बटणं यालेच कळतात. खंडेनवमीच्या पूजेलेही थांबला नाही, तोऱ्यात निघून गेला!”

“तोऱ्यात नाही, साहेब. दीक्षाभूमीवर गेलो होतो, नागपूरले. दरसाल जातो. रजेचा अर्ज तुमच्याच टेबलावर हाये.”

“आल्यापासून मी याले यंत्राले हात लावू देला नाही,” शेषराव कस्तुराबाईला म्हणाले.

“देवमन, मले समजावून सांग,” ती म्हणाली. “गोविंदाच्या डोक्यात शिरंल असं.”

देवमन हसला नाही. “आत सात कार्डं उभी हायेत, फळीवरच्या पुस्तकांवानी. एक पाण्याचं, एक भोंग्याचं, असं. प्रत्येकावर आठ बारकी बटणं. कोणतं वर, कोणतं खाली, त्यावर कार्डाचा घरनंबर ठरते. यंत्र नंबरानं हाक मारते.”

“अन् नंबर बदलला तर?”

“हाक रिकाम्या घरी जाते. कोणी ओ देत नाही. पण हिरवा दिवा लागते, म्हणून लोकं समजतात चालू हाये.”

झाकण उघडलं. झाकणाच्या आत देवमनने बटणांचा तक्ता चिकटवला होता. मागची चार कार्डं तक्त्याबरहुकूम होती. पुढच्या तिन्हींवर मात्र आठच्या आठ बटणं वर होती.

“गोविंदा, कार्डांच्या मधी घाल हात,” कस्तुराबाई म्हणाली.

त्याचा हात बोटांच्या पेरांशीच अडकला.

“आमी कार्ड उपसून काढतो, मंगच बटणं बदलता येतात,” देवमन म्हणाला.

कस्तुराबाईने टॉर्च मारला. सातही कार्डांच्या बुडाशी धुळीचा अखंड थर होता. पुढच्या तिन्हींचे वरचे भाग मात्र लख्ख होते. एका कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका.

“झाकण मीच उघडलं होतं,” शेषराव म्हणाले. “कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मंग बाहेर नारळ फोडला, प्रसाद वाटला. तासाभरानं झाकण लावलं. बटणाले शिवलो नाही.”

चौकीदार रामधन दारात उभा होता. दहा वर्षांची भागिरथा त्याच्या धोतराआड.

“पूजेच्या दिवशी मी टिकास, फावडी, सायकल धुतली, बाई. पुसली या पोरीनं. लय साफ हात हाये तिचा. कंदिलाची काच बी हेच पुसते. माहा पंजा कुठं आत जाते?” मग तो आवाज उतरवून म्हणाला, “पाणी चढून राह्यलं. भोंग्याच्या खुणेच्या टीचभर खाली हाये.”

दूर गडगडलं. कस्तुराबाईने झाकणावर हात ठेवला.

“बुडाची धूळ मोडली नाही, म्हंजे कार्डं उपसलीच नाहीत. उपसल्याशिवाय मोठ्या माणसाचा हात बटणापोतर पोचत नाही. देवमन सुटला, तो तर त्या दिवशी इथं नव्हताच. अन् ज्याले बिघडवायचं तो एखादं बटण हलवते, चोवीसच्या चोवीस वर कायले करंल? बटणं कोणी बदलली नाहीत, गोविंदा. फडकं आत घालून कोणी वर ओढलं, कंदिलाची काच पुसतात तसं. जिथवर हात पुरला तिथवर. तो हात लहान हाये. त्याच्या मनात वाईट नव्हतं. उघडं यंत्र सोडून प्रसाद वाटत बसले, ते मोठे होते.”

शेषरावांची मान खाली गेली. गोविंदाने दाराकडे पाहिलं आणि त्याला आता कुठे उमगलं.

“मीच पुसलं,” भागिरथा म्हणाली. “समद्या हत्यारांची पूजा होती. अन् याच्या पोटात धूळ होती.”

रामधनने हात उगारला. कस्तुराबाईने तो हवेतच धरला. “मारून भोंगा वाजते का? देवमन, वीज बंद कर. तू तक्ता वाच. हिचाच हात आत जाते.”

हिरवा दिवा विझला. भागिरथाने बटणं ढकलायला आगपेटीतली काडी घेतली.

“पहिलं वर. दुसरं खाली. तिसरं खाली...”

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. कोणी मान वळवली नाही. चोविसावं बटण बसलं. दिवा लागला. पण त्या हिरव्या दिव्यावर आता कोणाचाच भरवसा नव्हता. सगळे दारातून पाण्याच्या खुणेकडे बघत राहिले.

पाणी खुणेला टेकलं आणि भोंगा वाजला. खोलीच्या भिंती थरारल्या.

शेषरावांनी तक्रारीचा कागद टराटरा फाडला. देवमनने यंत्राचं झाकण लावलं. गोविंदा हसत भागिरथाला शाबासकी द्यायला वळला, तर ती जागेवर नव्हती.

ती बांधावरून धावत सुटली होती. खाली फुलसिंग उरलेल्या म्हशींसोबत पात्रात उभा होता. परवा न वाजलेल्या भोंग्याकडे तो नुसताच बघत होता, हलत नव्हता. भागिरथा बांधाच्या कडेला थांबली, दोन्ही हात उंच केले, आणि तो पाय उचलीपर्यंत ओरडत राहिली, “काका, खरं हाये! या वक्ती खरं हाये! वर या!”