आठवी-ब चं उघडं दार

पन्नास प्रश्न, दोन पानं, कोपऱ्यात पिन.
शेंगदाण्याच्या चिक्कीचं अर्धं पाकीट.
बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा.
अॅल्युमिनियमची शिडी, चौथी पायरी वाकलेली.
रद्द झालेला एक गेटपास.
गौरीचे तळवे — घामाने ओले. एसी चालू असताना.

लाज त्या तळव्यांत आहे. पण गोष्ट शिडीपासून सुरू होते.

*

दोहातल्या एका अमेरिकन शाळेत गौरी आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवायची. अमेरिका तिने पाहिलेली नव्हती. शाळेची वार्षिक इतिहास स्पर्धा जवळ आली होती; पहिल्या मुलाला सुवर्णपदक आणि आठवडाभर वॉशिंग्टन. प्रश्न काढायचे होते गौरीने.

शाळा सुटल्यावर ती रिकाम्या वर्गात बसली. मध्ये शिडी होती, शिडीवर दोन पाय, बाकीचा माणूस छतात. तिने लक्ष दिलं नाही. स्वतःशीच मराठीत पुटपुटली, "प्रश्न सात. लोकांनी चहा समुद्रात का फेकला?"

"साखर नसंल," छत म्हणालं.

गौरी दचकली. छतातून डोकं बाहेर आलं. पापण्यांवर धूळ... आणि धुळीखाली हसू.

"मराठी?" तिने विचारलं.

"आटपाडी. शहाजी." त्याने पान्याने जणू सलाम केला. "आन् बाई तुमी?"

"पुणे. आणि उत्तर चुकलं. कर लावला म्हणून फेकला."

"मग सरकार चुकलं. मी कुटं चुकलो?"

*

त्यानंतर आठवी-ब चा एसी फारच नाजूक झाला. तीन आठवड्यांत सहा वेळा.

"तुम्हाला आलं, तर प्रश्न सोपा. काढून टाकायचा," गौरीने नियम केला.

"म्हंजी मला अक्कल न्हाई, असं सरळ म्हना की."

"आणि आलं, तर चिक्कीचा एक तुकडा."

"मग विचारा. दुपारचा उपाशीच हाय."

"अलास्का अमेरिकेला कोणी विकलं?"

"एवढी थंड जागा इकली? कुनी?"

"रशियाने."

"बरं झालं अमेरिकेनं घेतली. कतारनं घेतली असती, तर माझी नोकरी गेली असती."

ती हसायची. तो पँटला हात पुसून तळवा पुढे करायचा. उत्तर चुकलं तरी ती वरून तुकडा ठेवायची, बोटं लागू न देता. एकदा लागली. दोघंही एसीकडे बघत राहिले... एसीत काही नव्हतं.

पुढच्या खेपेला तो मागच्या खेपेची सगळी उत्तरं म्हणून दाखवायचा. दार मात्र सताड उघडं असायचं. शाळेचा तसा नियम होता, आणि गौरीलाही तेच बरं वाटे. कोणी काही बोलायला नको. ऐकलं, तरी मराठी कोणाला कळणार होती?

*

निकाल: कोमल, आठवी-ब, पन्नासपैकी पन्नास.
दुसरा क्रमांक: अडतीस.

पालकांचे फोन सुरू झाले. व्हाइस प्रिन्सिपल मरियम मॅडमनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. "पेपर बाहेर कसा गेला?"

गौरीचे तळवे ओले झाले. तिला दिसलं ते असं — कोणीतरी विचारणार, पेपर तू कोणाला दाखवलास? मग ती सांगणार, शिडीवरच्या माणसाला. मग टेबलाभोवती ते हसू. *ओह... एसीवाला?*

"मेंटेनन्सचा एक माणूस," गौरी म्हणाली, "त्या आठवड्यांत वर्गात येत-जात होता. शहाजी."

एवढंच. खोटं एक अक्षरही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास रद्द झाला. त्याच्या कंपनीने त्याला दोहाबाहेर अल वक्राला पाठवलं, उन्हात, व्हिलांच्या छतांवर.

*

प्रश्न एक्कावन्न. पेपरात नव्हता.
माणसाचं नाव घेऊन माणसापासून कसं सुटावं?
(उत्तर लिहू नये.)

*

बुधवारी कोमल आली. पदक तिने टेबलावर ठेवलं.

"मिस, धिस इज नॉट राइट. आय वॉज वेटिंग फॉर द बस, राइट आउटसाइड द डोअर. यू वेअर आस्किंग हिम द क्वेश्चन्स. आय थॉट इट्स रिव्हिजन."

"पण आम्ही तर मराठीत —"

"मिस, आय अंडरस्टँड एव्हरीथिंग. माय आजी ओन्ली टॉक्स मराठी. आय जस्ट डोन्ट रिप्लाय."

वर्षभरात या मुलीला गौरीने एक मराठी शब्दही विचारला नव्हता.

दारापाशी कोमल थांबली. "अँड मिस... ही लाइक्स यू. होल बस लाइन न्यू."

*

शुक्रवारी दुपारी गौरी मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनवर उतरली. शहाजीचा नंबर तिने मेंटेनन्सच्या ऑफिसातून मिळवला होता आणि भेटायचंय, एवढाच मेसेज केला होता. अल वक्राच्या किनाऱ्यावर शहाजी बाकावर बसला होता. मान उन्हाने काळवंडलेली. तिला बघून तो उठला नाही.

"तुमचं नाव मी घेतलं," उभ्या उभ्याच ती म्हणाली. "कोणी विचारलंही नव्हतं."

"ठाव हाय. सुपरवायझर उमैरभाईनं सांगितलं." तो समुद्राकडे बघत होता. "मला वाटलं, चुकून आलं आसंल तोंडात."

"चुकून नाही. मला लाज वाटली. तुमची... म्हणजे आपण बोलतो, हे त्यांना कळेल याची."

"हं."

"आता मान वर करवत नाही."

"करू नगा. ऊन हाय."

तिला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरले. तिने कोमलचं सगळं सांगितलं — बसची रांग, उघडं दार, आजी.

"म्हंजी पेपर आपन दोघांनी मिळून फोडला?"

"मी फोडला. तुम्ही फक्त चुकीची उत्तरं दिलीत."

त्याने ओठ दाबले. हसू आवरलं खरं, पण मग चेहरा गंभीर झाला. "बाई, मला सांगून काय हुतंय? जिथं नाव घेतलं, तिथं सांगा. तुमची नोकरी जाईल, ते मला कळतंय. पर माझं नाव तिथं तसंच पडलंय."

"आणि सांगितल्यावर?"

"सांगितल्यावर..." तो पाण्याकडे वळला. कान लाल झाले होते, आणि ते उन्हाने नव्हते. "सांगितल्यावर या. रोज आलात तरी माझी हरकत न्हाई."

गौरीच्या जिभेवर एक वाक्य होतं. ते तिने गिळलं. आत्ता बोलली असती, तर ते बक्षीस मागितल्यासारखं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली आणि निघाली.

"गौरी."

ती थांबली. इतक्या दिवसांत त्याने ते नाव कधी उच्चारलं नव्हतं.

"फोन करा. मी छतावर असतो... रेंज चांगली मिळते."

"करते."

"आन् तुमी म्हनू नगा मला. लई लांब वाटतं."

"करते रे," ती म्हणाली. मग मात्र तिला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

सगळं कबूल केल्याचं, गौरीच्या सहीचं दोन पानी पत्र मरियम मॅडमच्या टेबलावर आदल्याच दिवशी, गुरुवारी सकाळी सात वाजता पोचलं होतं.