टॅगर्ट नावाचा माणूस

ही घडलेली गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं किलमोरिन गाव, ऑक्टोबरातला शनिवार, भर दुपार. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचू नये.

त्या दुपारी एल्स्पेट आणि तिचे वडील मर्डो गेडिस माळावरच्या उभ्या दगडापाशी ओटची भाकरी आणि चीज खात बसले होते. शेजारी गावकमिटीनं रोवलेली नवी पाटी. ‘टॅगर्टचा दगड’.

“कोण हा टॅगर्ट? कुणाचा पाव्हणा?” मर्डोंनी विचारलं.

“नकाशात तसंच आहे, बाबा.”

“नकाशात! अहो मास्तरीणबाई, हा पाद्र्याचा दगड. कॅथलिक पंथावर बंदी होती तेव्हा पाद्री इथे लपून प्रार्थना घ्यायचा. आपल्या गेलिक भाषेत पाद्री म्हणजे ‘सागर्त’. पण ‘पाद्र्याचा’ म्हणताना आधी ‘त’ लागतो आणि ‘स’ गिळला जातो. कानावर पडतं ‘तागर्त’. नकाशा काढायला आलेल्या शिपायांना वाटलं, असेल कुणी माणूस. झाला टॅगर्ट! ना आई, ना बाप.”

एल्स्पेट हसली.

कमिटीला ते नाव तिनंच लिहून दिलं होतं. वडिलांच्या तोंडच्या नावापेक्षा तिला छापील नकाशा खरा वाटला होता. हे मात्र ती बोलली नाही.

रविवारी सकाळी मर्डो पहार घेऊन पाटी उपटायला गेले.

ते परत आले नाहीत.

दगडापाशीच सापडले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वयच तसं होतं.

पण पाटीभोवतीची माती उकरलेली होती... आणि पुन्हा भरून, चोपून घट्ट बसवलेली.

मर्डो गेडिस एकदा उकरलेलं स्वतः बुजवणार? शक्यच नाही.

दफन झालं. पुढच्या शनिवारी एल्स्पेटनं तीच पहार उचलली. शेजारचा मेंढपाळ हेक्टर फाटकापर्यंत सोबत आला.

“मी इथूनच बघतो. माझ्या मेंढ्या भित्र्या आहेत.”

“मेंढ्या आणल्यास कुठे?”

“म्हणून तर त्यांच्या वतीनं मी थांबतोय.”

माळावर धुकं उतरलं होतं. ओढा वाजत होता...

मग तो वाजायचा थांबला.

तिनं पहार घातली. पाटी हलली.

दगडामागे कुणीतरी घसा साफ केला...

“हेक्टर?”



“बाई...” आवाज मऊ होता, अदबीचा. “पाटी राहू द्या. मी इथलाच आहे. तुम्हीच तर लिहिलंत.”

एल्स्पेटनं पहार सोडली नाही. तिनं सगळा भार टाकला आणि पाटी आडवी केली. मग मुद्दाम दगडाला वळसा घालून गेली.

कुणी नव्हतं. गवत तेवढं दबलेलं होतं, कुणी फार वेळ बसून उठल्यासारखं.

फाटकाशी हेक्टर पांढराफटक उभा होता.

“कुणाशी बोलत होतीस?”

“तू ऐकलंस?”

“पुरुषाचा आवाज. पण बोली आपल्याकडची नव्हती.”

पाटी तिनं जाळली. कमिटीला पत्र लिहून चूक कबूल केली.

तरीही धुकं पडलं की घसा साफ केल्याचा आवाज येतो. आधी माळावरून यायचा. आता तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरून येतो.

तिला भीती वाटते. ती नाकारत नाही. पण काल आवाज आला तेव्हा तिनं खिडकी सताड उघडली.

“तू कधी नव्हतास. मी चुकीचं लिहिलं होतं.”

बाहेर सगळं चिडीचूप...

मग ती आणखी मोठ्यानं म्हणाली, “बाबा, तुमचं बरोबर होतं. मी तुमचं ऐकायला हवं होतं.”