डॉक्टरांचं घुबड

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून कापसात गुंडाळलेलं नाणं काढलं आणि भाचीपुढे ठेवलं. मामांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाचीच्या या गुप्तहेरीच्या ऑफिसात त्यांची कामं ठरलेली होती: गाडी चालवायची, चहा सांगायचा आणि न समजलेलं पुन्हा विचारायचं.

"हे खोटं आहे म्हणतात," बाई म्हणाल्या. "असेलही. पण मग हे माझ्या नवऱ्याचं नव्हे."

डॉक्टरांनी उभा जन्म प्राचीन ग्रीक चांदीची नाणी जमवली होती. त्यांतलं सगळ्यांत लाडकं होतं अथेन्सचं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड. त्या नगराला खाणीत चांदी सापडली तेव्हा लोक म्हणाले, वाटून घेऊ. एकच पुढारी अडून बसला, की वाटणी नको, जहाजं बांधा. पुढे शत्रू चालून आला तेव्हा त्याच जहाजांनी नगर वाचवलं. ही गोष्ट डॉक्टर जेवायला बसले की सांगायचे.

"आमटी गार व्हायची," बाई म्हणाल्या. "सांगताना नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटायचे. देवी ताठ असायची आणि घुबड मात्र आडवं पडायचं. तुमचा पहारेकरी झोपलाय, अशी मी थट्टा करायची."

डॉक्टर गेल्यावर बाईंनी सगळा संग्रह संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. विश्वस्तांच्या मंजुरीसाठी आधी फोटो पाठवले, आणि काही महिन्यांनी नाण्यांची पेटी. दुसऱ्याच दिवशी संग्रहपालांचा निरोप आला: घुबड बनावट आहे, डॉक्टर फसले होते. नाणं परत आलं आणि घरात वादळ उठलं. कपाटाची चावी धाकट्या दिरांकडे असायची. बाईंच्या मुलाने काकांवर सरळ आळ घेतला. काका तेव्हापासून ताट वेगळं घेऊन बसत होते.

"ह्यांना मूर्ख ठरवलंय आणि भाऊजींना चोर," बाई म्हणाल्या. "मला दोन्ही मान्य नाही."

भाचीने नाणं हातात घेऊन एकदा उलटलं, पुन्हा उलटलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

दीर तुटक बोलणारे निघाले. चोरायचंच असतं तर दादा गेल्यापासून अख्खी पेटी हाताशी होती, एवढंच त्यांचं म्हणणं. भाचीने फोटोंचं विचारलं. ते दादानेच काढून ठेवले होते, वहिनींनी थेट संग्रहालयात नेऊन दिले आणि घरात एकही प्रत उरली नाही, असं ते म्हणाले.

मग चांदीकाम करणारा कारागीर. नाण्यावरचा काळा थर काढायला डॉक्टरांनी ते त्याच्याकडे दिलं होतं आणि ते कित्येक आठवडे तिथेच राहिलं होतं. फोटो त्याने पाहिलेच नव्हते. नक्कल कशी करतात, असं भाचीने विचारताच त्याने मामांच्या शर्टाचं बटण मेणात दाबून दाखवलं. भोकं, कड, उडालेला टवका, सगळं जसंच्या तसं उमटलं.

"अस्सल वस्तू हातात असली की कोरत कशाला बसायचं?" तो म्हणाला.

संग्रहपाल बोलायला गोड होते, पण घाईत. परगावच्या परिषदेला दाखवायला ते काही नाणी घेऊन जाणार होते. पेटी टेबलावर भरून तयार होती, शेजारी गेटपास. बाईंची पेटी आपण एकट्यानेच उघडली होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं. फोटोही त्यांच्याच कपाटात होते.

"नक्कल अगदी सुमार आहे," ते म्हणाले. "वजन कमी, अक्षरं बोथट. हौशी माणसं फसतात हो."

आत शिरताना मामा-भाचीला कुणी हटकलं नव्हतं. बाहेर पडताना मात्र पहारेकऱ्याने मामांच्या खिशातली चिल्लरसुद्धा काढायला लावली. साहेबांपासून सगळ्यांना हाच नियम आहे, असं तो म्हणाला. मामा गाडीत बसेपर्यंत धुसफुसत होते. भाची मात्र खुशीत होती. तिने तिथूनच विश्वस्तांच्या अध्यक्षांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे संग्रहालयाच्या बैठकीच्या खोलीत जमले. अध्यक्ष, संग्रहपाल, डॉक्टरीणबाई आणि कोपऱ्यात अवघडून बसलेले दीर. भाचीने खोटं नाणं बाईंच्या हातात दिलं.

"डॉक्टर उलटायचे तसं उलटा."

बाईंनी उलटलं. घुबड ताठ उभं होतं.

"त्या काळी खालचा ठसा ऐरणीत पक्का असायचा आणि वरचा हातात धरून हाणायचे," भाची म्हणाली. "त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतीलच असं नाही. डॉक्टरांच्या नाण्यावर घुबड आडवं होतं. म्हणजे त्यांचं नाणं हे नव्हेच. दीर किंवा कारागीर यांच्यापैकी कुणी नक्कल केली असती, तर मेणाच्या साच्यात तो तिरपेपणाही आला असता. ही नक्कल फोटोवरून केली आहे. फोटोत दोन्ही बाजू शेजारीशेजारी आणि ताठ दिसतात. आणि फोटो फक्त इथे होते."

"पण असला जाणकार माणूस अशी ढोबळ चूक करेल?" मामांनी विचारलं.

"चांगली नक्कल त्यांना नकोच होती, मामा. ती खोटी ठरायलाच बनवली होती. बाईंची पेटी आली त्या दिवशी नक्कल तयारच होती, म्हणून तर अदलाबदल एका दिवसात झाली. खोट्याचा बोभाटा स्वतःच केला की खऱ्याचा शोध घेणार कोण? दोष जाणार मेलेल्या माणसाकडे."

संग्रहपाल शांतपणे म्हणाले, की हा सगळा तर्क आहे.

"अस्सल नाणं फाटकाबाहेर काढायला पास लागतो," भाची म्हणाली. "तुमची परिषदेची पेटी उघडा."

अध्यक्षांनी स्वतः पेटी उघडली. आत अथेन्सची बरीच घुबडं होती. बाईंनी एकेक उचलून उलटायला सुरुवात केली. एका नाण्यापाशी त्यांचा हात थांबला. घुबड आडवं पडलं होतं. फोटोशी ताडून पाहिलं. देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा तसाच काठावर कापला गेलेला होता.

परगावी एक गिऱ्हाईक ठरलं होतं, एवढं संग्रहपाल पुटपुटले आणि त्यांनी मान खाली घातली. अध्यक्षांनी पोलिसांना फोन लावायला सांगितलं.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "यांनी माझ्या नवऱ्याला फसलेला म्हटलं, ते चारचौघांत. आता चारचौघांतच खरं सांगू दे."

संग्रहपालांना ते फार जड गेलं. पण बाई त्यांच्यावरची नजर काढेनात. शेवटी ते म्हणाले, "डॉक्टर फसले नव्हते. नाणं अस्सल आहे. मी पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगलं."

अध्यक्षांनी बाईंची माफी मागितली आणि संग्रह परत न्यायचा असेल तर आजच नेता येईल, असं सांगितलं. बाई कोपऱ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुम्ही सांगाल तसं."

दीर गडबडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"राहू दे इथेच," ते म्हणाले. "दादाला ऐकायला माणसं हवी असायची. घरात ऐकणारे आपण दोघंच होतो."